पायरीचे मार्क

माझं घोडं पेंड खात होतं ते फिजिक्सपाशी. बायोलॉजीतली बेडकाची चिरफाड मी डोळे मिटून केली असती, केमिस्ट्रीही बऱ्यापैकी जमायची, पण फिजिक्सच्या गणितांनी बारावीत माझा घात केला. बोर्डाच्या मार्कांवर मेडिकल हुकलं. एका मेडिकल कॉलेजची स्वतःची प्रवेश परीक्षा असायची, तीही दिली. तिथंही बायोलॉजीनं वर नेलं आणि फिजिक्सनं पाय धरून खाली ओढलं. मला डॉक्टर व्हायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा सगळा खटाटोप कशासाठी होता ते कळेल.

मामांनी लगेच अमरावतीचं स्थळ आणलं. मुलगा बँकेत, घरची शेती, माणसं चांगली. आई मला म्हणाली, "काय वं, सगळ्याच पोरी डॉक्टर होतात का? पदरी पडलं अन् पवित्र झालं." बाबा एरवी मामांपुढं फारसं बोलत नसत. त्या दिवशी मात्र बोलले. "एक वर्ष द्या मले. पोरीले मी शिकवतो. पुढच्या वर्षी नाही झालं, तं तुम्ही म्हणाल तिथं तिचं लग्न करू." मामांनी मान डोलावली. म्हणजे माझ्या हातात एक वर्ष होतं आणि त्या कॉलेजची तीच एक परीक्षा.

बाबा कळमेश्वरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. सकाळच्या एसटीनं जायचे, संध्याकाळी महाल भागातल्या आमच्या दोन भाड्याच्या खोल्यांत परत यायचे. चहा झाला की बाहेरच्या खोलीतली चटई गुंडाळून ठेवायचे, पायजमा वर ओढून उकिडवे बसायचे आणि फरशीवर खडूनं गणित मांडायचे. फळा आमच्याकडे नव्हताच. दिलेलं काय, काढायचं काय, मग सूत्र, मग किमती घालायच्या, मग उत्तर, त्यापुढं एकक आणि शेवटी उत्तराभोवती चौकट. एकेक गणित दारापासून निघायचं ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जायचं.

"आता पाय कुठं ठेवू मी?" आई हातात ताटं घेऊन उभी राहायची. "घरभर तुमचं फिजिक्स सांडून राहिलं!"

"सूत्रावर नको ठेवू. बाकी कुठंही ठेव," बाबा म्हणायचे. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तरी बिचारीला भिंतीकडेनं चालावं लागे.

मी चिडकी होते, आहेही. तिसऱ्यांदा उत्तर चुकलं की खडू फेकायचे, रडायचे, मला नाही जमत म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायचे. बाबा खडू उचलून आणायचे. "रड, पण एकक लिहून रड," म्हणायचे. मग हसूच यायचं. दरवर्षी ते बोर्डाचे पेपर तपासायचे आणि एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. "उत्तर चुकलं म्हणून मी कोण्या पोराले भोपळा नाही देला. जेवढ्या पायऱ्या बरोबर, तेवढे मार्क. पोरगं चालत आलं न तिथंपर्यंत? मंग चालण्याचे मार्क त्याचेच. पायरीले मार्क असते, बाई."

आणि काय सांगू, मला फिजिक्स यायला लागलं! नुसतं पाठ नाही, कळायला लागलं. लोलक मागं का येतो, लिफ्ट खाली जाताना पोटात खड्डा का पडतो, हे मला आतून दिसायला लागलं. दिवाळीपर्यंत असं झालं की बाबा गणित वाचत असतानाच मी "दिलेलं" लिहायला घ्यायचे. ते गप्प बसून बघायचे आणि मिशीत हसायचे. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला स्वतःचा एवढा अभिमान पुन्हा वाटलेला नाही.

त्या वर्षी परीक्षेची पद्धत बदलली. माहितीपत्रकात छापून आलं की प्रश्न वस्तुनिष्ठ असतील, एका प्रश्नाला चार उत्तरं दिलेली असतील, बरोबर उत्तरावर फुली मारायची, आणि कच्च्या कामासाठी वेगळे कागद मिळतील. बाबांनी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. "कागद देऊन राहिले म्हणजे पाहतीलच. पाहायचे नसते तं देतील काहून? फुलीवरून त्यांले काय समजणार कोणाले येते अन् कोणाले नाही?" मलाही पटलं. पेपर तपासणारा माणूस घरातच होता, आणखी कोणाला विचारायचं?

जवळच्याच गांधीबाग वस्तीतली माझी एक मैत्रीण त्याच परीक्षेसाठी बर्डीवर, बाजारपेठेत, क्लासला जायची. ती म्हणाली, "वेडी आहे का तू? पूर्ण गणित करत बसशील तर पेपर संपेल का? आधी एककं पाहायची. वेळ विचारला आणि उत्तरात मीटर असलं की ते बाद. चारातले दोन तर असेच जातात. उरलेल्या दोनांत डोकं चालवायचं." मी घरी येऊन बाबांना ते करून दाखवलं. मला वाटलं होतं, खूश होतील. ते असे भडकले की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"हा सट्टा आहे! उद्या दवाखान्यात पेशंट आला, तं त्याचा रोगही असाच चारातून एक काढशील का?"

मी पुन्हा पहिल्या पायरीपासून गणित मांडायला घेतलं. मला वाईट वाटलं नाही, उलट लाज वाटली. माझे बाबा बरोबर होते, आणि मी आजही म्हणते की डॉक्टरनं असंच असायला पाहिजे.

पेपर हातात पडला आणि बघितलं तर सगळं येत होतं. एकही प्रश्न परका नव्हता. पण हात माझा नव्हताच, तो बाबांचा होता. तो आपला कागदावर "दिलेलं" लिहायचा, सूत्र लिहायचा, चौकट काढायचा आणि मगच फुली मारायचा. घाई कर गं बाई, घाई कर, असं मी मनात ओरडत होते, पण चौकट काढल्याशिवाय मला पुढं जाताच येईना. घंटा झाली तेव्हा फिजिक्सचा मोठा भाग कोराच होता. कळत होता तरी कोरा. पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका घेतली आणि दाराजवळच्या टोपलीकडे बोट दाखवलं. "कच्चे कागद त्यात टाका."

"सर, हे जोडायचे नाहीत?"

"कशाला? रद्दी आहे ती."

मागून मुलं ढकलत होती. मी माझे कागद टोपलीत टाकले. मग जिना उतरले.

बाबा शाळेतून रजा काढून आले होते, फाटकापाशी कडुलिंबाखाली उभे होते. "पायऱ्या लिहिल्या न?"

"लिहिल्या."

"सगळ्या?"

"जेवढी गणितं केली, त्यांच्या सगळ्या."

"मंग झालं तं! चाल, रस पिऊ." रसवाल्यानं काही न विचारताच त्यांनी त्याला सांगितलं, "पोरगी डॉक्टर होऊन राहिली आमची." मी ग्लास तोंडाला लावला. बाबांचा चेहरा बघवेना.

यादीत माझा नंबर नव्हता. आईनं डोळ्यांना पदर लावला, मी आतल्या खोलीत जाऊन पडले, पण बाबा मानायलाच तयार नव्हते. "त्यांनी पायऱ्या पाहिल्याच नाही. मी जातो अन् विचारतो." मी म्हटलं, बाबा, राहू द्या. ते ऐकतात कुठले! बोर्डाचे पेपर तपासायला जाताना घालायचे तो कोट त्यांनी पेटीतून बाहेर काढला आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन एसटीनं त्या कॉलेजच्या गावी गेले.

तिथला क्लार्क चांगला माणूस होता. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, बाबांचं सगळं ऐकून घेतलं, आणि कपाटातून भोकं पाडलेला एक पुठ्ठा आणून टेबलावर ठेवला. "हे पाहा मास्तर. हा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा. भोकातून फुली दिसली तर मार्क, नाही तर नाही. झालं तपासून."

"अन् कच्चे कागद?"

"ते कोण पाहते? सेंटरवरच रद्दीत जातात."

बाबांनी तो पुठ्ठा हातात घेतला. उलटा करून मागची बाजू पाहिली, जणू तिथं काही लिहिलेलं असेल. मग नीट टेबलावर ठेवला, हात जोडले आणि उठले.

 परतीच्या एसटीत त्यांनी समोर बघतच विचारलं, "तुले माहीत होतं?"

"पेपरच्या दिवशी कळलं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही रस पाजून राहिले होते न, बाबा."

 मग म्हणाले, "तुले येत होती न गणितं?"

"येत होती."

"सगळी?"

"सगळी."

"म्हणजे तुले येत होतं," ते म्हणाले, "अन् मीच तुले पोचू नाही देलं."

मी नाही नाही म्हणत त्यांचा हात धरला. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. कोटातले त्यांचे खांदे हलत होते. माझी डॉक्टरकी गेली होती, पण घर येईपर्यंत मला त्याचं रडू आलंच नाही, मी त्यांच्यासाठीच रडत होते.

बाबांनी मामांना दिलेला शब्द पाळला. त्या उन्हाळ्यात माझं अमरावतीला लग्न झालं. माणसं खरंच चांगली निघाली, तक्रार करायला जागा नाही. पहिल्या बाळंतपणासाठी मी महालात माहेरी आले, तेव्हा धाकटी बहीण बारावीत होती आणि तिला बर्डीवर क्लास लावला होता. बाबा स्वतः सायकलवर सोडायला जायचे.

एका संध्याकाळी मी आत बाळाला पाजत बसले होते. बहीण पुस्तक घेऊन बाबांजवळ गेली. "बाबा, हे गणित सांगा न. उतारावरून ठोकळा घसरतो ते." सोपं होतं. मला आतून ऐकूनच सुटलं होतं. बाबा सांगायला बसतील म्हणून मी कान देऊन वाट बघत राहिले.

"मले नाही येत, बाई," बाबा म्हणाले. "तुह्या क्लासच्या सरांले विचार."

 मी बाळाला तसंच खांद्यावर टाकून बाहेर आले, तर त्यांनी चपला घातल्या होत्या आणि ते दूध आणायला निघाले होते.