भांडी घासायचं यंत्र आणि सुपडू मिस्तरी

जळगावात मोटार जळली की लोक आधी वीजवाल्यांना शिव्या घालत, मग नशिबाला, आणि शेवटी सुपडू मिस्तरींकडे येत. मेहरूणच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. माणूस मूळचा धुळ्याकडचा. तीस वर्षं जळगावात काढली तरी तोंडातली अहिराणी सुटली नव्हती. यावलच्या केळीच्या बागांतले पंप, दालमिलच्या मोटारी, कुणाकुणाचे मिक्सर, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं.

मिस्तरींना एकाच गोष्टीचा माज होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. "होत नाही" हे शब्द आपल्या तोंडून कधी निघाले नाहीत, असं ते भेटेल त्याला ऐकवत. एका पंपानं त्यांना सतरा दिवस छळलं होतं. त्याचा पितळी पंखा खिशात घालून ते मुलीच्या साखरपुड्यात बसले, व्याह्यांशी बोलताना तो चाचपत राहिले, पण पंप चालू करूनच दिला. शेजारी रुपचंद टेलर होता. त्याच्या हातून कुणाचा झंपर बिघडला की मिस्तरी मुद्दाम त्याच्या दुकानात जाऊन ही पंपाची कथा सांगत. इतकं चढून बसू नये माणसानं, पण त्यांना सांगणार कोण?

त्र्याण्णव सालची गोष्ट. प्रमिलाबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका जवळच्याच कॉलनीत एकट्या राहत. त्यांचा मुलगा देवचंद दुबईला नोकरीला. तो पंधरा दिवसांच्या सुटीवर आला आणि येताना आईसाठी भांडी घासायचं यंत्र घेऊन आला. अख्खी कॉलनी बघायला लोटली. भांडी आत मांडायची, दार लावायचं, बटण दाबायचं, आत पाण्याचे फवारे उडून भांडी लख्ख. दोन दिवस यंत्र झकास चाललं. तिसऱ्या दिवशी पाणी भरलं, आत काहीतरी गुरगुरलं, आणि भांडी जशी घातली तशी खरकटी बाहेर आली. देवचंद मिस्तरींना स्कूटरवर बसवूनच घेऊन आला.

देवचंद इंग्रजी पुस्तक उघडून वाचायला लागला, तेव्हा मिस्तरींनी त्याला हातानंच गप्प केलं. वरच्या जाळीत त्यांनी एक कोरडी वाटी उताणी ठेवली आणि यंत्र सुरू केलं. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या पोटाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मोटार धडधाकट होती. पाच मिनिटांनी दार उघडलं तर खाली पाणी साचलेलं, वाटी कोरडी ठणठणीत. म्हणजे पाणी येत होतं, वर चढत नव्हतं. त्यांनी तळाची गाळणी उपसली, फवाऱ्याची भोकं पडलेली फिरती नळी काढली, आणि हसू दाबत ती देवचंदच्या नाकासमोर धरली. नळीत करडा चिखल गच्च बसला होता. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या तुंबतात तशीच ही तुंबली होती. फक्त हा चिखल विहिरीचा नव्हता, राखेचा होता.

प्रमिलाबाईंनी लगेच कबूल केलं, आणि तेही वर मान करून. साबणाच्या डबीत बंबातली दोन चमचे राख त्याच घालत होत्या. पावडरीनं खरकटं निघत असेल, पण राखेशिवाय भांडं शुद्ध कसं होणार, असं त्यांनी शिक्षिकेच्या आवाजात विचारलं. देवचंदनं कपाळावर हात मारला.

मिस्तरींनी स्टोव्हची पिन मागून एकेक भोक मोकळं केलं, पंपातला गाळ धुतला, सगळं जागच्या जागी बसवलं. या वेळी वाटी काठोकाठ भरून आली. देवचंद इतका खूश झाला की त्यांचा तेलकट हात दोन्ही हातांनी हलवत राहिला. त्याच आनंदात त्यानं आईला सांगून टाकलं, की आता पहिल्या तारखेपासून भिकुबाईला नाही म्हणून सांग.

भिकुबाई तेव्हा मागच्या मोरीपाशीच होती. सोळा वर्षं ती या घरची भांडी घासत होती. भांडी अर्ध्या तासाची, बोलणं दोन तासांचं. प्रमिलाबाई तिच्या चुका काढायच्या, ती प्रमिलाबाईंच्या भाजीतलं मीठ काढायची. तिनं ऐकलं, हातातलं फडकं पिळलं आणि दोरीवर टाकलं. प्रमिलाबाई नुसतं "बघू" म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी देवचंद पुन्हा दुकानाच्या दारात हजर. यंत्र भरत होतं, उडवत नव्हतं. मिस्तरींनी नळी काढली आणि त्यांचं डोकंच फिरलं. या वेळची राख वस्त्रगाळ केलेली होती, पाण्यात भिजवून प्रत्येक भोकात बोटानं चेपून भरलेली. ही काही पाण्यानं आपोआप बसलेली नव्हती. त्यांनी रागानं मोरीकडे पाहिलं. भिकुबाईनं शपथेवर सांगितलं, की त्या पेटीला तिनं अजून बोटसुद्धा लावलेलं नाही. मग मिस्तरींचं लक्ष प्रमिलाबाईंकडे गेलं. चौतीस वर्षं पोरांची नखं तपासलेली ती बाई दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी होती.

देवचंद फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेला तशा त्या जवळ आल्या.

"मिस्तरी, ती गेली तर मी दिवसभर भांडू कुणाशी? या पेटीशी?"

मुलाला सरळ का सांगत नाही, असं मिस्तरींनी विचारलं. त्या म्हणाल्या, की एकटी पडते म्हटलं की तो दुबईचं तिकीट काढायला टपलाच आहे. तिथं अठराव्या मजल्यावर त्या दारं लावून बसणार.

काम दहा मिनिटांचं होतं. पिन या वेळी मिस्तरींच्या खिशातच होती. आणि पोरगा परत येऊन समोर उभा राहिला, काय झालं म्हणून विचारत.

मिस्तरींनी नळी खाली ठेवली.

"हाई काम मन्हाकडथून व्हनार नही."

परवा तर झालं होतं, असं देवचंद म्हणाला. पंपच गेला, त्याचा माल इकडे मिळत नाही, असं काहीबाही मिस्तरींनी सांगितलं. देवचंदनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वाईट वाटून घेऊ नका, परदेशी यंत्र तुम्हाला कसं जमणार, असं म्हणाला. ही समजूत मात्र मिस्तरींना भारी झोंबली. मागच्या अंगणात भिकुबाईनं भांड्यांचा ढीग पुढ्यात ओढला होता आणि आमटी करपवल्याबद्दल ती प्रमिलाबाईंना सुनावत होती. प्रमिलाबाईही माघार घेत नव्हत्या.

देवचंदनं ही गोष्ट मोठ्या सहानुभूतीनं गल्लीभर सांगितली. दुसऱ्या दिवशी रुपचंद टेलर गळ्यात टेप अडकवून आलाच.

"ऐकलं ते खरं का हो मिस्तरी? हात टेकले म्हणे?"

पुढं वर्षभर तो विचारत राहिला, चारचौघांत, गिऱ्हाइकांसमोर. एका वाक्यात त्याचं तोंड बंद करता आलं असतं. मिस्तरींच्या जिभेवर दर वेळी ते वाक्य यायचं, आणि दर वेळी ते चहाबरोबर गिळून टाकायचे.