नणंदेचं नाक
बोराबोराजवळच्या मौपिती बेटावर मोनोई खावं-प्यावं असं नसतं, पण मोएआताचं मोनोई बघून तोंडाला पाणी सुटायचं. अंगाला लावायचं हे सुगंधी तेल घरोघरी होतं; तिच्या हातचं मात्र वेगळंच. हे सगळं बेट कबूल करायचं, फक्त तिची थोरली नणंद तेउरा सोडून. तेउराही मोनोई करायची, आणि भावजयीचं कौतुक निघालं की तिला हटकून अंगणात काहीतरी काम आठवायचं.

काम म्हटलं तर सोपं. खोबरं किसायचं, शंखातल्या खेकड्याची शेपूट कुटून त्यात कालवायची आणि उन्हात ठेवायचं. त्या शेपटीतला रस किसाला असा फोडतो की आत अडकलेलं तेल आपोआप सुटतं. त्यात घालायच्या तियारेच्या कळ्या, त्याही न उमललेल्या. उमललेल्या फुलाचा सुगंध वारा नेतो, कळीचा मात्र तेलच धरून ठेवतं. गाळायचं कधी, हीच खरी मेख. घाई केली तर पाणी राहून तेल खवटतं, उशीर केला तर कळ्या कुजतात. मोएआता ते नाकाने ठरवायची.

आणि नेमकं ते नाक तापात गेलं. कळलं फाफारूमुळे. समुद्राच्या आंबवलेल्या पाण्यात मुरलेली मासळी रविवारी ताटात आली, पापेएते शहरातून आलेला पाहुणा नाक दाबून बाहेर पळाला, आणि मोएआता भांड्यावर वाकून तशीच उभी राहिली. तिला कसलाच वास आला नाही. ती कुणाला काही बोलली नाही. मिजासच तशी होती तिची, आणि का नसावी?

पुढे नात हेरेनुईचं लग्न ठरलं. नवरीच्या अंगाला आजीच्या हातचंच मोनोई लागायचं. मोएआताने अंदाजाने तेल गाळलं आणि लेकीला हुंगायला दिलं. लेक छान म्हणाली. जावई, शेजारीण, पाद्रीबाई, सगळे छानच म्हणाले. तेव्हा मोएआताने बाटली परत घेतली. ही सगळी जीव लावणारी माणसं. तेल खवट असतं तरी हेच म्हणाली असती. नवरीच्या अंगाला दर्प आला तर पोर जन्मभर ऐकून घेणार. तोंडावर खरं सांगणारं बेटावर एकच माणूस होतं.

भर दुपारी ती बाटली घेऊन तेउराच्या दारात उभी राहिली.

"वन्सं, जरा वास घेऊन सांगा."

"का गं? तुझं नाक काय गहाण ठेवलंयस?"

"गेलंय. तापापासून काहीच येत नाही."

तेउरा फणसासारख्या उरूची साल काढत होती. सुरी खाली ठेवून तिने हात पुसले आणि बाटली नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"खवटलंय. घाई केलीस. ओतून टाक."

मोएआताने तिथेच झाडाच्या बुंध्याशी सगळं तेल ओतलं. वाईट वाटलं, फार वाटलं; पण आपण योग्य दारी आलो याचा अभिमानही वाटला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खोबरं किसायला बसली. तेउरा रोज सकाळी येऊन भांडं हुंगायची, कीस जाड झालाय, कळ्या उशिरा खुडल्यास, असं तोंडसुख घ्यायची आणि निघून जायची. दोघी रोज कशाला भेटतात, याचा गावाला पत्ता लागेना. एका सकाळी तेउरा म्हणाली, "आज गाळ." मोएआताने गाळलं.

लग्नाच्या दिवशी हेरेनुईच्या अंगाला तेल लागलं आणि गप्पा मारत बसलेल्या बोराबोराच्या व्याह्यांकडच्या बायका वळून पाहू लागल्या. त्यांच्यातल्या वडीलधारीने विचारलं, हे केलं कुणी?

मोएआताने नणंदेकडे पाहिलं. खरं सांगायला ती तोंड उघडणार, इतक्यात तेउरा बोलली.

"आमच्या भावजयीनं. नाक तिचंच बेटावर पहिलं. मला नाही कधी असं जमलं."

एवढं बोलून ती अंगणात गेली नाही. भावजयीच्या शेजारी चटईवर मांडी घालून बसली. मोएआताला त्या तेलाचा वास येत नव्हता, पण उभ्या आयुष्यात ती इतकी ताठ कधी बसली नव्हती.