मालकिणीला विचारून सांगते

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी मेसेज आला, ‘टेलर आपा गेल्या.’ आपांच्या मुलीचा, रुबिनाचा, फोन मला त्याआधीच येऊन गेला होता. ती सुट्टीत आईकडेच आली होती. रात्री जेवून झोपल्या त्या सकाळी उठल्याच नाहीत, म्हणाली. मी पदराने डोळे पुसत मोबाइल हातात घेतला आणि त्या मेसेजखाली टाइप केलं, ‘टेलर नाही. रिटायर्ड टेलर.’ जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेली बाई, हिला रडतानाही चुका दिसतात, असं कुणाला वाटलं असेल तर वाटू दे. तो शब्द आपांनी कमावला होता. त्या गेल्या म्हणून तो त्यांच्या नावामागून कुणी काढून घ्यावा, हे मला काही सहन झालं नाही.

शमीम आपा वडाळा रोडला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत राहायच्या. पुढच्या खोलीत शिलाई, मागच्या खोलीत संसार. माहेर मालेगावचं. नवरा लवकर गेला, पदरात रुबिना एवढीशी. मी तेव्हा जवळच्याच मराठी शाळेत नोकरीला होते आणि ब्लाउजचं कापड घेऊन पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, ती अर्थातच भांडायच्या तयारीने. कारण तोवर मला भेटलेल्या प्रत्येक टेलरने ‘उद्या नक्की’ म्हणून महिनाभर झुलवलं होतं. आपांनी सांगितलेल्या दिवशी ब्लाउज तयार होता, इस्त्रीसकट. मला भांडायला काही मिळालं नाही, म्हणून मग मैत्री केली.

त्यांची मालकीण मला कळली ती एका रविवारी. सोमेश्वरला जाऊ, रुबिनाला घेऊन धबधबा बघू, भेळ खाऊ, असं मी म्हटलं. आपा म्हणाल्या, “थांबा बाई, मालकिणीला विचारून सांगते.” मला नवल वाटलं. दुकान दुसऱ्या कुणाचं आहे हे मला माहीतच नव्हतं! आपा उठल्या, गिऱ्हाइकांसाठी भिंतीला टेकवलेल्या उंच आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या, गळ्यातली टेप नीट केली, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्या आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आल्या. “नाय म्हणली. लगीनसराय हे, म्हणली.”

मी खो खो हसले. मग लक्षात आलं की त्या शंभर टक्के गंभीर आहेत... सोमेश्वरला आम्ही लगीनसराई संपल्यावर गेलो. तेव्हा मालकिणीने रजा मंजूर केली होती.

तर आपा स्वतःच्याच दुकानात नोकरी करत होत्या. दिवसभर मशीनवर बसायची ती कामगार शमीम, आणि आरशात राहायची ती मालकीण. महिन्याच्या एक तारखेला मालकीण पगार करायची, आणि तोही कापून. “तुमच्या शाळेत कसं, हातात यायच्या आधीच कापतेत ना? तसंच,” आपा सांगायच्या. कापलेले पैसे कामगार शमीमला दिसायचेसुद्धा नाहीत, ते थेट पोस्टात. वर्षातून दोनदा बोनस, ईदला एक आणि दिवाळीला एक, कारण दोन्ही सणांना मालकिणीने कामगाराला सारखंच राबवून घेतलेलं असायचं. तोही मालकीण वेगळा ठेवायची आणि कशासाठी ठेवलाय ते कामगाराला सांगायची नाही. रुबिनाच्या कॉलेजच्या वेळी आपांनी अॅडव्हान्स मागितला होता. “लय कडक बाई हे. दोन दिवस आरशात तोंड फिरवून बसली. मग पोरीचं नाव काढलं, तवा कुठं विरघळली.” हे सांगताना काज करत असायच्या आणि सुईवरची नजर हलायची नाही.

एकदा मी माझ्या पेन्शनचं काहीतरी बोलत होते. शाळेतल्या बायकांना दुसरा विषय असतो कुठे? आपा ऐकता ऐकता थांबल्या. त्यांचे अब्बा मालेगावला कापडाच्या लूमवर होते. गुडघे धरायचे, एका कानाने ऐकू येत नव्हतं, तरी उभेच. शेवटच्या आठवड्यातही कामावर गेले होते. “त्यांना कोणी ‘बस झालं’ म्हणलंच नाय हो कधी,” आपा म्हणाल्या. “मालकाला काय पडलीय? घरात आम्ही खाणारे. आम्ही तरी कसं म्हणणार?... मला कोणी तरी बस म्हणायला पाहिजे, बाई. दुसरं कोणी नाय म्हणणार. म्हणून ही मालकीण ठेवली.” त्या दिवसापासून मी मालकिणीला हसणं बंद केलं. म्हणजे हसत राहिलेच, पण तिच्या बाजूने.

पोस्टातले पैसे वाढत गेले, तशी मालकिणीने एक चाल केली. वडाळा नाक्याकडे जाताना एका नव्या इमारतीत जिन्याजवळ एक गाळा होता, कपाटाएवढा. कुणाच्या नजरेत न भरणारा तो गाळा आपांनी घेतला आणि एका बेकरीवाल्याला भाड्याने दिला. खारी, टोस्ट, नानकटाई. रोज सकाळी दूध आणायच्या निमित्ताने आपा तिकडून चक्कर मारायच्या आणि मला येऊन सांगायच्या, “तुमची पेन्शन बँकेत झोपलेली असते. माझी बघा, नऊला शटर वर करते!”

मी अठ्ठावन्नला निवृत्त झाले. शाळेतल्या समारंभाला आपा पहिल्या रांगेत होत्या. शाल, श्रीफळ, गुलाब, मुख्याध्यापकांचं लांबलेलं भाषण, सगळं त्यांनी लग्नसोहळा बघावा तसं डोळे भरून बघून घेतलं. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, “माझापण असाच करायचा. अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न. मालकिणीनं हो म्हणलंय.” त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान होत्या. दोन वर्षं त्यांनी तो दिवस जपून ठेवला.

आणि केलासुद्धा. आमच्या गच्चीवर. फळ्यावर रंगीत खडूने मी ‘सेवापूर्ती समारंभ’ लिहिलं, गल्लीतल्या आणि सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या, जिच्या तिच्या अंगात आपांनीच शिवलेलं. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. अध्यक्षीय भाषणासाठी मी मालकिणीचं नाव पुकारलं. आपा शांतपणे उठून मोठ्या खुर्चीत बसल्या आणि बोलायला लागल्या, “ही बाई कामाला बरी होती. उशिरा कधी आली नाय, कारण राहायलाच दुकानात होती. गिऱ्हाईक भांडलं तरी उलट बोलली नाय, माझ्याशी मात्र लय भांडली. आता तिचे डोळे आणि कंबर दोन्ही तक्रार करतेत. म्हणून मी आज सगळ्यांच्या समोर सांगते... शमीम, बस झालं.”

आपा उठल्या, बाजूच्या साध्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि कामगार म्हणून फक्त एवढंच बोलल्या, “शुक्रिया, मालकीणबाई.” माझ्या हातातला कागद ओला झाला होता. मालेगावच्या लूमवर उभा असलेला एक म्हातारा तेव्हा मला डोळ्यांसमोर दिसत होता.

मग भेट द्यायची वेळ आली आणि खरी गंमत झाली. आपांनी समारंभाच्या आधीच आपलं जुनं मशीन विकून टाकलं होतं, मोह नको म्हणून. ही बातमी गल्लीत पसरली ती अशी, की बिचारीवर मशीन विकायची पाळी आली. आमच्या बिल्डिंगमधल्या शिंदेवहिनींचं मन मोठं. त्यांनी घरोघर फिरून वर्गणी काढली, कुणाला कळू दिलं नाही, मलाही नाही. चार बायकांनी चादरीखाली झाकलेलं काहीतरी उचलून आणलं. वहिनींनी मोठ्या थाटात चादर ओढली. आत कोरं करकरीत शिलाई मशीन, मोटर लावलेलं!

निवृत्त होणाऱ्या टेलरला शिलाई मशीन. मी आपांकडे बघायचं टाळलं. मग आपांचं हसू फुटलं ते असं, की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. शिंदेवहिनींना चूक कळली, त्या रडायला लागल्या, तर आपांनी त्यांना मिठी मारली. “वहिनी, रडता काय? रिटायर माणसाला बसून चहा प्यायला टेबल लागतंच की!”

आणि खरोखर त्यांनी त्याचं टेबल केलं. वरून क्रोशाचं कव्हर घातलं आणि खिडकीपाशी ठेवलं. रोज चारला मी जायचे, मशीनच्या एका बाजूला मी, एका बाजूला त्या, मधे चहा आणि त्यांच्या पेन्शनच्या दुकानातली खारी. गिऱ्हाइकं यायचीच. “आपा, एकच ब्लाउज, घरचंच लग्न आहे हो.” आपा आरशाकडे बघून मान हलवायच्या. एकदा मीही साडीला फॉल लावून मागितला. नकार मिळाला, वर चहा मिळाला.

काय निवृत्ती उपभोगली त्या बाईने! बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून तर आम्हाला घरात बसवेना. एकदा सुरगाण्याच्या गाडीत बसलो, काहीही काम नसताना, खिडकीतून डोंगर बघायला. तिथे एका टपरीवर नागलीची भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि त्याच गाडीने परत. कंडक्टर बाई चक्रावली. “मावशी, काय कामाला आल्या होत्या मग?” आपा ऐटीत म्हणाल्या, “काम कसलं? रिटायर हे मी.” मग सगळ्या रस्ताभर त्यांनी तिला पैसे कसे कापून ठेवायचे ते समजावलं. ती बिचारी तिकिटं फाडत ऐकत होती.

हे सगळं मोडतं की काय, अशी वेळ एकदा आली. बेकरीवाला गावी निघून गेला. गाळ्यासमोरचा रस्ता पाइपासाठी खोदून ठेवलेला, त्यामुळे दुसरा भाडेकरू फिरकेना. शटर बंद ते बंदच. रुबिना पुण्याहून रोज फोन करायची, “अम्मी, आता इकडेच या.” पोरगी मायेनेच बोलवत होती, पण आपांना आपल्या घरात, आपल्या कमाईवर म्हातारं व्हायचं होतं. तोंडाने काही बोलायच्या नाहीत. चहाबरोबरची खारी मात्र बंद झाली होती.

एका दुपारी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. क्रोशाचं कव्हर घडी करून बाजूला ठेवलेलं होतं. मशीन उघडं. आपांचा हात चाकावर. मीच बावळटासारखं म्हटलं, “आपा, दोनच महिने शिवा. कुणाला सांगणार नाही मी.” आपांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. त्या उठून आरशासमोर उभ्या राहिल्या. नेहमी अर्ध्या मिनिटात परत यायच्या, त्या दिवशी उभ्याच राहिल्या. परत आल्या तेव्हा डोळे ओले होते, पण चेहरा एकदम मोकळा.

“नाय म्हणली,” आपा म्हणाल्या. “म्हणली, ईद-दिवाळीचा बोनस कशाला ठेवला होता मी? ह्याच दिवसांसाठी. एकदा बस म्हणलं म्हणजे बस.” आणि त्यांनी कव्हर पुन्हा मशीनवर घातलं, कोपरे ओढून नीट केले. मटण आठवड्यातून एकदाच, एसटी काही दिवस बंद, एवढ्यावर निभावलं. बोनसमध्ये ते दिवस निघाले, मग रस्त्याचं खोदकाम बुजलं, गाळ्यात एक चष्मेवाला आला. आपा म्हणाल्या, “आता माझी पेन्शन लोकांना लांबचं दाखवते.” त्यानंतर त्यांना कुणी पुण्याला बोलावलं नाही. रुबिनाच सुट्टीत इकडे यायला लागली.

आपांचा चाळिसावा दिवस झाल्यावर रुबिनाने घर आवरलं. उंच आरसा ती घेऊन गेली. “अम्मीशी बोलायला,” म्हणाली. मशीनचं काय करायचं, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, माझ्या गॅलरीत जागा आहे. शिंदेवहिनी आणि मी, दोन्हीकडून धरून ते वर आणलं. सुईच्या बाजूचं कंपनीचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. आतल्या डबीतले बॉबिन कोरे आहेत. एक टाकाही न घातलेलं हे मशीन मला फार आवडतं. रोज चारला त्याच्यावर एक कप ठेवते. चहा पूर्वीसारखा होत नाही, आणि आपांची मला भयंकर आठवण येते.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेली मुलगी दारात आली. खालून तिला गॅलरीतलं मशीन दिसलं होतं. हातात पिशवी, पिशवीत ब्लाउजपीस. “काकू, तुम्ही शिवण घेता का?” मला साधं बटण धड लावता येत नाही. तेवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मी तिला म्हटलं, “थांब हं, मालकिणीला विचारून सांगते.”

आत गेले. बेसिनवरच्या छोट्याशा आरशासमोर उभी राहिले. डोळे भरून आले, तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं. मुलगी अजून दारातच होती.

“नाय म्हणली,” मी म्हटलं. “ये, चहा घेऊन जा.”