भगवानरावांचं टपाल

आमच्या शेजारची बबिता जुनी मासिकं ऑनलाइन विकते. मानवत शहरातल्या भंगारवाल्याकडून गठ्ठे आणायचे, धूळ झटकायची आणि फोटो काढून विकायला ऑनलाइन टाकायचे. जुन्या मासिकांवर आधीच्या मालकाच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटलेली असते. ती खरवडली की कव्हर फाटतं, म्हणून बबिता ती तशीच ठेवते, फक्त फोटो काढताना नावावर बोट ठेवते. दुसऱ्याचं नाव बाजारात कशाला मांडायचं, असं तिचं म्हणणं. पण एका गठ्ठ्यावरून तिनं बोट काढलं, आणि मला विचाराल तर फार बरं केलं.

त्या गठ्ठ्यात तीसेक वर्षांपूर्वीची स्पर्धा परीक्षेची मासिकं होती. प्रत्येकावर नाव एकच, तिच्या वडिलांचं, भगवानरावांचं. खाली आमच्या गावाचा पत्ता. भंगारवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, महारुद्रआप्पांच्या घरची रद्दी आहे, रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला.

त्या काळी पोस्टमन आमच्या बौद्ध वस्तीत येत नसे. वस्तीचं सगळं टपाल वरच्या आळीतल्या आप्पांच्या ओट्यावर टाकून पुढं जायचा. ज्याचं असेल त्यानं ओट्याखाली उभं राहून विचारायचं. भगवानराव तेव्हा बारावी होऊन मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करत होते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मासिकाची वर्गणी भरली आणि ओट्याखाली खेटे घालत राहिले. आप्पा दर वेळी सांगायचे, काही आलं नाही. भगवानरावांनी जन्मभर मासिकवाल्यांना लबाड म्हटलं. परीक्षेचं वय निघून गेलं, पाठीवरचं पोतं काही उतरलं नाही.

मासिकं मात्र वाचलेली होती. प्रश्नांपुढं पेन्सिलीनं उत्तरं लिहिलेली, आणि समासात पुन्हा पुन्हा गिरवलेली सही, हरिओम. हा आप्पांचा मुलगा. तीच परीक्षा देऊन तो सरकारी कारकून झाला. पत्त्याची चिठ्ठी फाडायची तसदीसुद्धा त्या घरानं घेतली नाही. वस्तीतलं कुणी हे कधी वाचेल, असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

बबिता त्या दिवशी जेवली नाही. तिनं चिठ्ठीचा आणि सहीचा मोठा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: भगवानरावांच्या नावानं आलेली, महारुद्रआप्पांच्या माळ्यावर सापडलेली, हरिओमनं सोडवलेली मासिकं. गावच्या ग्रुपवर ते बघता बघता पसरलं. हरिओमला कचेरीत लोक हसून विचारायला लागले. मग आप्पांचा निरोप आला, सगळा गठ्ठा दे, काय हवं ते माग.

बबिता गठ्ठा घेऊन स्वतः ओट्यावर गेली. म्हणाली, "इकत न्हाई, आप्पा. फुकट घ्या. फकस्त ज्याचं टपाल हाय त्याच्या हातात नेऊन द्या. त्यांनी घेतलं की टाकलेला फोटो पुसून टाकते."

आप्पांनी जन्मात वस्तीत पाय ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते आले, गठ्ठा छातीशी धरून, घामानं निथळत. आम्ही सगळे दारात होतो. मी तर खुर्ची टाकून बसले होते. आयुष्यभर 'भगवान्या' म्हणणाऱ्या माणसानं त्या दिवशी "भगवानराव" अशी हाक मारली.

भगवानराव बाहेर आले. वरच्या मासिकावरचं आपलं नाव त्यांनी सावकाश वाचलं, त्यावरून अंगठा फिरवला. माणूस मऊ आहे, आता घेईल आणि पाणीही विचारील, असं मला वाटलं.

"आप्पा," ते म्हणाले, "ज्याचं नाव लिव्हलंय तो पोरगा परीक्षेला बसणार होता. तो आता हितं राहत न्हाई. परत न्या."

आप्पांनी बबिताकडं बघितलं. तिनं नकारार्थी मान हलवली. घेतलंच नाही, तर फोटो कसा पुसायचा?

आप्पा वळले. गठ्ठ्याची सुतळी तुटली आणि मासिकं आमच्या गल्लीत पसरली. म्हातारा वाकून एकेक उचलत राहिला. कुणी पुढं झालं नाही. मीही खुर्चीवरून उठले नाही.