दुसरं पद जुळलं तेव्हा

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझ्या सेमिनारमध्ये एक ज्येष्ठ प्राध्यापक उठून म्हणाले, "आपकी दोनों गणनाएँ तो मेल ही नहीं खातीं." खरं होतं ते.

कणांचा सिद्धांत बारीक तपशील गाळत दुरून पाहिला, की त्यातल्या बलांची तीव्रता बदलत जाते. हा बदल मोजायची रीत म्हणजे रिनॉर्मलायझेशन. होलोग्राफी म्हणते, हाच सिद्धांत एक मिती जास्त असलेल्या, गुरुत्वाकर्षणाच्या विश्वाच्या कडेवर राहतो. कडेवरून आत शिरणं म्हणजेच दुरून पाहणं. मी दोन्ही बाजूंनी गणित केलं होतं. पहिलं पद जुळायचं, दुसरं काही केल्या जुळेना.

काशीत रामघाटावरच्या वेदपाठशाळेत शिकवणारे माझे बाबा आणि मी एका रविवारी नावेतून अस्सीला निघालो होतो. त्यांनी विचारलं, "अडलंय कुठे?"

"हे बघा, इथून घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत, नुसता उतार दिसतो. तसंच कडेवरून जितकं अंतर आत जावं, तितकं..."

मी थांबले.

"काय झालं गं?"

"बाबा, मी नुसतं अंतर मोजत बसले! तिथलं अवकाशच वाकलेलं आहे. त्या त्या ठिकाणी ते किती आकसलंय, ते धरायला हवं. कागद आहे?"

त्यांनी झोळीतून कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका काढून दिली. पाठची कोरी बाजू हरिश्चंद्र घाट येईतो भरली. दुसरं पद हुबेहूब आलं! मी इतक्या जोरात ओरडले की नाववाल्याने वल्हं थांबवलं. बाबांना त्या चिन्हांतलं एकही कळत नव्हतं.

"जमला हिसाब?" बाबांनी विचारलं.

"जमला!"

त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की पत्रिका पाण्यात जाता जाता वाचली.

पुढच्या सेमिनारला तेच प्राध्यापक फळ्यापाशी आले. चष्मा वर सरकवून त्यांनी एकेक ओळ स्वतः तपासली.

"सही है," ते वळून म्हणाले. "मैं अपनी आपत्ति वापस लेता हूँ." आक्षेप मागे घेतला आणि लगेच विचारलं, "तीसरा पद निकाला?"

"जी सर," मी म्हटलं आणि फळा पुसायला घेतला. पाठीमागे टाळ्या सुरू झाल्या होत्या.