पारसशेठच्या हाकेला ओ कोणी दिली?

या सदरात लिहिणारे बहुतेकजण सुरुवातीलाच सांगून टाकतात की असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता. पाटबंधारे खात्यात उभी हयात काढली, कालव्यांच्या चौक्यांवर एकट्याने मुक्काम केले... कधी काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. पण माझी चूक नेमकी उलटी आहे. एका दुपारी सव्वीस मिनिटं मी विश्वास ठेवला. ते भोगावं लागलं दुसऱ्याला, आणि वर त्यानेच माझे आभार मानले.

मी बहात्तर वर्षांचा आहे. आता हे लिहून टाकतो.

मंचरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पारसशेठचं कापडाचं दुकान आहे. त्यांचे आजोबा मारवाडातून आले, पण शेठची मराठी माझ्याहून गोड. वयाने ते माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं तर त्यांनी सायकल घेतली, तीही ग्रॅव्हल बाईक — हँडल रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर जाड, डांबर सोडून मुरुमावर, मातीवर चालवायची. मग मलाही घ्यायला लावली. आमच्या आणि शेजारच्या तालुक्यातले कच्चे रस्ते मला नोकरीमुळे पाठ होते. मी रस्ता दाखवायचा, त्यांनी डबा आणायचा, असं ठरलं. रविवारी कधी ओतूरकडच्या टेकड्या, कधी कुकडीचं खोरं. सूर्यास्तानंतर शेठ जेवत नाहीत, त्यामुळे आमची राईड नेहमी उजेडात संपायची. खात्यामुळे सगळे मला साहेब म्हणतात, तेही साहेबच म्हणायचे. मी त्यांना पारसशेठ. दोघंही एकमेकांना अहो-जाहो.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. तळेघरपर्यंत सायकली गाडीवर टाकून नेल्या. तिथून पुढे डांबरी सोडून घोड नदीच्या खोऱ्यात उतरणारा एक मुरुमाचा रस्ता आहे. खालच्या वाडीचं नाव देत नाही, तिथल्या लोकांचा यात काही दोष नाही.

उतरण्याआधी एका घरगुती हॉटेलात चहा घेतला. चहा देणाऱ्या मावशींनी आमचे हेल्मेट बघून विचारलं, “पावणं, खाली चाललाय व्हय? मंग एक ध्येनात ठेवा. रानात कुनी हाक मारली तर लगीच ओ देऊ नका. तिसरी हाक आली तर मानूस. त्याला तिसरी हाक येत न्हाई.”

“त्याला म्हणजे कोणाला?” मी विचारलं.

“नाव कशाला घ्यायचं, राव?”

पारसशेठ म्हणाले, “मावशी, मग आमच्या घरची माणूस आहे बघा. सात-सात हाका मारते, तरी मी ओ देत नाही.”

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. उतार लागेपर्यंत मी ते विसरूनही गेलो — निदान मला तसं वाटलं.

रस्ता एका दरीच्या कडेकडेने आत वळतो, टोकाला ओढ्यावरची फरशी, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल, ओलांडतो आणि पलीकडच्या कडेने बाहेर पडतो. वळणावर दोन्ही बाजूंना हिरड्याची झाडं. उतारावर मी पुढे असायचो. शेठ ब्रेक दाबत सावकाश यायचे. ओढा लागला की पुढच्याने थांबायचं, असा आमचा नियम होता. मी फरशीवर थांबलो. चार वाजून गेले होते, चांगलं ऊन होतं. पाणी प्यालो.

“साहेबऽऽ...”

आवाज पारसशेठचाच. पण तो मागून, रस्त्यावरून यायला हवा होता. तो आला खालून. दरीतून. जिकडे रस्ताच नाही.

ओ माझ्या ओठांवर आली होती. आणि मावशी आठवल्या.

“साहेबऽ, ओ साहेब...”

ही दुसरी. पहिलीपेक्षा बारीक, लाडीगोडी लावल्यासारखी. निदान मला ती तशी ऐकू आली. मानेवरचे केस उभे राहिले. बहात्तर वर्षांत मला तशी भीती वाटलेली नाही. सायकलचं हँडल मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मनात म्हटलं, शेठ असतील तर तिसरी हाक मारतील. एकच हाक, मग ओ द्यायची.

तिसरी हाक आली नाही.

मी तिथेच उभा राहिलो. मागे गेलो नाही, पुढे गेलो नाही, दरीत डोकावलोसुद्धा नाही. नंतर सगळ्यांना सांगितलं, दोन-तीन मिनिटं थांबलो आणि लगेच मागे फिरलो. खोटं आहे. हँडलवर जीपीएसचा छोटा डबा असतो. तो कुठे किती वेळ थांबलो तेही नोंदवतो. फरशीवर सव्वीस मिनिटं. ती नोंद मी त्याच आठवड्यात पुसून टाकली.

मला हलवलं ते गेनूभाऊने. खालच्या वाडीतला शेतकरी, डोक्यावर गवताचा भारा घेऊन वरून येत होता.

“ओ पावणं, वर एक सायकल हिरड्याला टेकवून ठिवलीय. मानूस न्हाई कुटं. तुमच्यातलाच का?”

मी मान हलवली.

“मंग हितं काय करताय?” त्याने भारा टाकला. “चला की!”

सायकलजवळ कडेचं गवत घसरून गेलं होतं. गेनूभाऊने खाली वाकून आरोळी दिली. खालून क्षीण ओ आली. लघवीला म्हणून शेठ कडेला गेले होते आणि पाय सुटून ओढ्यात कोसळले होते. म्हणून आवाज खालून आला. इतकं साधं होतं ते.

आम्ही धरत धरत उतरलो. शेठ खडकाला पाठ टेकून बसले होते. खुबा मोडलेला, डावा पाय खाली दबलेला. मला बघून ते म्हणाले, “साहेब, परत वर कशाला गेला होतात?”

मला वाटलं, धक्क्याने बडबडताहेत. वाडीतली माणसं आली, घोंगडीची झोळी केली, रस्त्यावर आणलं, गाडीने हॉस्पिटल. डॉक्टर बाहेर येऊन बोलता बोलता म्हणाले, पायाची नस बराच वेळ दबून राहिली, थोडं आधी काढलं असतं तर... शेठचं डावं पाऊल आजही उचलत नाही.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. भाभी, म्हणजे शेठच्या पत्नी, एकदम माझ्या पाया पडल्या. “तुम्ही होतात म्हणून हे आहेत,” म्हणाल्या.

पलंगावरून शेठ सांगू लागले. “दोन हाका मारल्या. तिसरी मारणार, तेवढ्यात साहेबांनी ओ दिली. ‘आलो, आलो. ओरडू नको, बस तिथेच.’ म्हणून मी गप्प बसलो. मग हे आले, मागच्या बाजूला बसले. मला मान वळवता येत नव्हती. माझा हात धरून बसले होते, गेनू येईपर्यंत.”

मी ओ दिली नव्हती. माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण भाभींच्या डोळ्यांत पाणी होतं, सून माझ्यासाठी खुर्ची ओढत होती... मी बसलो. म्हणालो, “अहो, त्यात काय एवढं.”

तीन वर्षं ते माझ्या नावावर राहिलं. त्यांच्या घरी कार्य असलं की मला पहिल्या रांगेत बसवायचं. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की, “हे आमचे साहेब. हाकेला ओ देणारा माणूस.” प्रत्येक वेळी मला तो ओढा दिसायचा, आणि शेठच्या मागे कोणीतरी बसलेलं. माझ्या आवाजाचं.

तरीही मी बोललो नसतो. पण या दिवाळीनंतर शेठने बॅटरीची सायकल घेतली आणि म्हणाले, “साहेब, त्याच रस्त्याने जायचं. त्याच जागी डबा खायचा. तुमचा आवाज असल्यावर मला काय भीती?”

ते ऐकून मी दोन रात्री झोपलो नाही. हा माणूस त्या खोऱ्यात माझा आवाज आला की डोळे मिटून त्या दिशेने जाईल.

परवा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना मी सगळं सांगितलं. फरशी, दोन हाका, सव्वीस मिनिटं, पुसलेली नोंद. ते एका ठाणाची घडी घालत होते. हात थांबले नाहीत.

“मला शंका होती,” ते म्हणाले.

“कशी?”

“तुम्ही मला पारसशेठ म्हणता. अहो-जाहो करता. तो ‘पारस’ म्हणत होता. अरे-तुरे करत होता. मला वाटलं, घाबरल्यावर माणूस एवढा विचार करत नाही. मग मी विचार करायचं सोडून दिलं.” घडी बाजूला ठेवत म्हणाले, “नाहीतर मग तुम्हाला विचारावं लागलं असतं, की तुम्ही कुठे होतात.”

मी हात जोडले. त्यांनी ते बघितलंच नाही.

“शेठ, तिकडे जाऊ नका,” मी म्हणालो. “ते काय होतं आपल्याला माहीत नाही.”

“नाही माहीत. पण जे कोण होतं, ते माझ्याजवळ बसलं होतं, साहेब.” एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज मी इतका सपाट कधी ऐकला नव्हता. “तुम्ही नव्हता बसलात. मी रविवारी जाणार. तुम्हाला यायचं असेल तर या.”

शेजारच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वेदनेत मेंदू आपल्याच माणसाचा आवाज तयार करतो. असेल. पण मग तिसरी हाक मारायच्या आत, नेमक्या त्या वेळी? आणि आमच्यात कधीच नसलेलं अरे-तुरे?

मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. या वेळी पहिल्याच हाकेला ओ देणार आहे, मग ती कोणाचीही असो. पण त्या दरीत माझ्या आवाजात दोघांनी ओ दिली, तर पारसशेठ कोणाकडे जातील, हे मला सांगता येत नाही.