घोड्याची लीद आणि काकांची डबी

मंडळी, आज सकाळी काका-काकूला घेऊन सारंगखेड्याजवळच्या आरोग्य केंद्रात गेलो होतो. काकांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, आतड्याच्या कॅन्सरने गेले; कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून काकांना काही त्रास नसतानाही डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं.

सिस्टरनी डबी पुढे केली. रांगेत सगळे ओळखीचे. काकांनी डबी टेबलावरच ठेवली आणि दाराकडे निघाले.

जागची न हलता काकू म्हणाली, "ओ, जत्रामा घोडा लेतांना त्यानी लीद फोडीसन तब्येत पाहतस ना तुम्ही? मंग सोतानी डबी देवाले लाज कसानी?"

"ती घोडानी शे!"

"मंग घोडाच शहाणा शे. तो लाजत नही."

रांग हसली, काकाही हसले. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. काकांना आत नेऊन, दार लोटून त्यांनी नमुना घरी कसा घ्यायचा ते शांतपणे समजावलं.

काका बाहेर आले तेव्हा डबी खिशात होती. उद्या सकाळी ती केंद्रात पोहोचेल.

निकाल येईल तो येवो. सिस्टरांचं कौतुक आहेच, पण तुमच्या घरात काकूसारखं तोंडावर बोलणारं कोण आहे?